पोच घेतलीस का?

नोकरीचं पत्र हातात आलं की व्हिसाचं काम झालंच म्हणून समजायचं, असं मी दोन-अडीच वर्षं धरून चालले होते. जर्मनीत मास्टर्सला आलेल्या आम्हा बहुतेकांची तीच समजूत होती. अवघड ती नोकरी. कागदपत्रं काय, आज ना उद्या होतात. प्रत्यक्षात करारावर माझी सही झाली २०२४च्या ऑगस्टमध्ये आणि कामावर मी हजर झाले २ डिसेंबरला. मधल्या काळात मी धड विद्यार्थिनीही नव्हते आणि नोकरदारही नव्हते. त्या दिवसांत काय चुकलं आणि काय निभावलं ते सविस्तर लिहिते आहे, कारण दर वर्षी आपल्याकडची मुलं-मुली याच उंबऱ्यावर अडकतात आणि प्रत्येकाला सगळं पहिल्यापासून शिकावं लागतं.

मी तासगावची. सांगलीत मेकॅनिकल इंजिनीअरिंग केलं, मग दोन वर्षं चाकणला सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात होते. शनिवार-रविवार पुण्यात जर्मनचे वर्ग. ऑक्टोबर २०२१मध्ये पूर्व जर्मनीतल्या एका विद्यापीठात आले. त्या वर्षी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे जिथून दरमहा ठरावीकच रक्कम काढता येते अशा खात्यात, १०,३३२ युरो दाखवावे लागत. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ते निवृत्तीच्या पैशांतून उभे केले. अण्णा तहसील कचेरीत होते, अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले.

लहानपणापासून आमच्या घरात एक वाक्य ऐकत आले आहे. लाइट बिलाची तक्रार असो, शाळेचा दाखला असो, बँकेत दिलेला फॉर्म असो, घरी आलं की अण्णा विचारायचे, "पोच घेतलीस का?" नसली तर परत पाठवायचे. त्यांच्या टेबलासमोर अशी कितीतरी माणसं उभी राहायची, की अर्ज दिला होता म्हणतात, वारही सांगतात, पण हातात काही नसतं. आवक रजिस्टरात नोंद सापडली नाही तर अण्णांना वाटूनही काही करता यायचं नाही. अशी माणसं रिकाम्या हाताने परत जाताना बघणं त्यांना फार लागायचं. त्यातून ती सवय आली होती.

आता कायद्याचं थोडं सांगते, कारण ते मला स्वतःला फार उशिरा कळलं.

जर्मनीत निवासाचा प्रत्येक परवाना कशासाठी तरी असतो. विद्यार्थ्याच्या कार्डावर निवास कायद्याचं कलम १६ब लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ, तुमच्या मुक्कामाचा उद्देश शिक्षण. काम करायला मुभा असते, पण ती शिक्षणाच्या जोडीला म्हणून. माझ्या वेळी सुरुवातीला वर्षाला १२० पूर्ण दिवस किंवा २४० अर्धे दिवस होते, १ मार्च २०२४पासून ते १४० आणि २८० झाले. पदवी मिळाली की तो उद्देश पुरा होतो. कार्डावर पुढची तारीख असली तरी ज्या कारणासाठी तुम्हाला राहू दिलं ते कारण संपलेलं असतं. आपण "व्हिसा वाढवायचाय" म्हणतो. तिथल्या कार्यालयाच्या लेखी हा उद्देशबदल असतो आणि बदललेल्या उद्देशाचा प्रत्येक कागद नव्याने तपासला जातो.

पदवीनंतर माझ्यासमोर दोन वाटा होत्या. पहिली कलम २०ची: नोकरी शोधण्यासाठी १८ महिन्यांपर्यंतचा परवाना. तो जर्मन पदवी घेतलेल्याला मिळतो आणि त्या काळात कोणतंही काम, कितीही तास करता येतं. दुसरी वाट थेट नोकरीच्या परवान्याची, म्हणजे कलम १८जीचं ब्लू कार्ड, जे ठरावीक पगारापुढच्या पदवीधरांना मिळतं. पगार तेवढा नसेल तर कलम १८बीचा कुशल कामगाराचा परवाना. भारतातून थेट नोकरीवर येणाऱ्याला आपली पदवी आणि विद्यापीठ जर्मन यादीत कुठे बसतं ते सिद्ध करावं लागतं. माझी पदवी जर्मन होती, त्यामुळे तो प्रश्नच आला नाही. माझं बी.ई. कुणी उघडूनही पाहिलं नाही.

ब्लू कार्डाला पगाराची किमान मर्यादा असते आणि ती दर वर्षी बदलते. २०२४ला ती वर्षाला ४५,३०० युरो होती. कामगारांची टंचाई असलेल्या व्यवसायांसाठी आणि गेल्या तीन वर्षांत पदवी घेतलेल्यांसाठी ४१,०४१ युरो ८० सेंट. २०२५ला हे आकडे ४८,३०० आणि ४३,७५९.८० झाले, २०२६साठी ५०,७०० आणि ४५,९३४.२० आहेत. जी गोष्ट कुणी ठळक करून सांगत नाही ती अशी: वरच्या मर्यादेच्या पुढे पगार असेल तर रोजगार खात्याची संमती लागत नाही. खालच्या मर्यादेवर अर्ज केला तर लागते. माझा पगार ठरला ४४,०००. वरच्या रेषेपासून तेराशे युरो खाली. करार करताना मी खालची मर्यादा पाहिली, पगार तिच्या वर आहे हे पाहिलं आणि निश्चिंत झाले. माझी नाशिकची मैत्रीण त्याच महिन्यात ४५,६००वर लागली, तिची फाइल रोजगार खात्याकडे गेलीच नाही. चार आठवड्यांत ती मोकळी झाली. तुमचा आकडा रेषेच्या इतका जवळ असेल तर कंपनीला स्पष्ट विचारा की तेवढा वाढवता येतो का. मी विचारलं नाही. नोकरी हातची जाईल या भीतीने तोंड उघडलं नाही.

भीती वाटायला कारणही होतं. एप्रिलमध्ये प्रबंध दिला, जूनच्या पहिल्या आठवड्यात तोंडी परीक्षा झाली. ज्या कंपनीत प्रबंध केला त्यांनी मला ठेवून घ्यायचं कबूल केलं होतं, पण तेव्हा वाहन उद्योगात नवी भरती थांबत चालली होती आणि त्यांनीही थांबवली. मग दोन महिने नुसते अर्ज. जुलैअखेर दक्षिणेतल्या एका शहरातल्या कंपनीने मुलाखत घेतली, ऑगस्टमध्ये करार पाठवला, रुजू व्हायची तारीख १ ऑक्टोबर. माझं कार्ड ३० सप्टेंबरला संपत होतं. तारखा इतक्या सुरेख जुळलेल्या पाहून मला आनंदच झाला.

इथे माझी मुख्य चूक झाली. जूनमध्ये निकाल लागल्याबरोबर मी कलम २०चा परवाना मागायला हवा होता. विद्यापीठाने तात्पुरतं पदवी प्रमाणपत्र दिलं होतं आणि अर्जाला ते चालतं. लातूरचा एक सिनियर मला तेव्हाच म्हणाला होता, "आधी वीस घे, मग निवांत ब्लू कार्ड कर." मी विचार केला, दोनदा फी कशाला, दोनदा टर्मिन कशाला, नोकरी मिळाली की एकदमच करू. (अपॉइंटमेंटला तिथे टर्मिन म्हणतात आणि आम्हा सगळ्यांच्या मराठीत तो शब्द रुळून गेला आहे. "टर्मिन मिळाली का?" हे आमचं "जेवलीस का?") त्या सिनियरच्या हातात वीसचं कार्ड होतं, त्यामुळे करारावर सही झाली आणि पुढच्या सोमवारी तो कामाला लागला. त्याच्या ब्लू कार्डाला पुढे पाच महिने लागले, पण पगार सुरू होता. माझे शंभर युरो वाचले आणि दोन महिन्यांचा पगार गेला.

२९ ऑगस्टला मी जुन्या शहराच्या परदेशी नागरिक कार्यालयात ऑनलाइन अर्ज केला. या कार्यालयाचं जर्मन नाव लांबलचक आहे, आम्ही त्याला एबीएच म्हणतो. अर्ज मिळाल्याचा आपोआप आलेला मेल आला, पुढे शांतता. सप्टेंबरअखेर विद्यार्थी वसतिगृहाची खोली सोडायची होती आणि नोकरी पाचशे किलोमीटर लांब. तिथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर राहण्याची सोय विचारली, तर एका काकूंनी त्यांच्या घरातली वरची खोली दिली, ४८० युरोला, अनामत न घेता. १४ सप्टेंबरला दोन बॅगा घेऊन गेले. १९ला नव्या शहरात पत्त्याची नोंदणी केली. नवीन घरी आलं की दोन आठवड्यांत ती करावीच लागते.

नोंदणी झाली आणि माझ्या अर्जाखालची जमीन सरकली. परदेशी माणसाची फाइल तो जिथे राहतो त्या शहराकडे असते. जुन्या कार्यालयाने कळवलं की तुम्ही आता आमच्या हद्दीत नाही, नवीन कार्यालयाने मागितली की आम्ही फाइल पाठवू. नवीन कार्यालयाच्या संकेतस्थळावर नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत एकही टर्मिन नव्हती. मेलला उत्तर नाही, फोन लागत नाही. दोघांचंही म्हणणं नियमाला धरून होतं, पण माझा अर्ज मधल्या मध्ये लोंबकळत राहिला आणि कार्ड संपायला अकरा दिवस उरले.

अण्णांना रोज संध्याकाळी फोन व्हायचा. त्यांना जर्मन कायद्यातलं ओ की ठो माहीत नाही. मी सगळं सांगून झाल्यावर ते म्हणाले, "नव्या कचेरीत तुझा अर्ज आहे का?"

"नाही, जुन्याकडं आहे. फाइल यायचीय."

"मग नव्या कचेरीच्या लेखी तू अर्ज केलेलाच नाहीस. उद्या कागदावर अर्ज कर, नेऊन दे आणि पोच घे."

"अण्णा, इथं सगळं ऑनलाइन असतं. पोच कोण देतंय?"

"शिक्का तर असंल की त्यांच्याकडं."

दोन दिवस जाऊन मी सगळे कागद नव्याने लावले. अर्जाचा फॉर्म, पासपोर्टची आणि कार्डाची झेरॉक्स, करार, कंपनीने भरून दिलेलं नोकरीच्या तपशिलाचं निवेदन, तात्पुरतं पदवी प्रमाणपत्र, आरोग्य विम्याचा दाखला, पत्त्याच्या नोंदणीचा कागद, फोटो. वर एक पानी पत्र: माझं कार्ड ३० सप्टेंबरला संपतं, मी त्याआधी हा अर्ज करत आहे. सगळ्याच्या दोन प्रती.

२७ सप्टेंबर, शुक्रवार. शुक्रवारी तिथली कार्यालयं दुपारी बंद होतात, म्हणून साडेआठलाच पोचले. एबीएचच्या दारावरच्या माणसाने टर्मिन नाही म्हणून आत सोडलं नाही, बाहेरच्या पत्रपेटीकडे बोट दाखवलं. मी पेटीपाशी जाऊन उभी राहिले, पाकीट अर्धं आत गेलंही होतं. मग काढून घेतलं आणि दोन गल्ल्या ओलांडून नगरपालिकेच्या मुख्य इमारतीत टपाल घेणाऱ्या खिडकीवर गेले. खिडकीमागे एक वयस्क गृहस्थ होते, जाड काचेचा चष्मा, समोर शाईचा पॅड. त्यांनी पाकीट घेतलं आणि ट्रेमध्ये ठेवलं. मी दुसरी प्रत पुढे सरकवली आणि म्हटलं, कृपया यावर आजचा शिक्का द्याल का? ते म्हणाले, याची गरज नसते, टपाल रोज जातं. मी म्हटलं, मला हवा आहे, माझं कार्ड सोमवारी संपतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पाकीट परत उघडायला लावलं, दोन्ही गठ्ठ्यांची पानं मोजली, दोन्हीकडे बारा आहेत याची खात्री केली आणि मगच दोन्ही पत्रांवर शिक्का मारला. निळा, जरासा तिरका, मधोमध तारीख. वरती लिहिलेल्या जर्मन शब्दाचा अर्थ "आलेले". आपल्याकडचं "आवक". खाली त्यांनी बारीक सही केली आणि "१२ पानं" असंही लिहिलं.

त्या पानाचा फोटो मी तिथूनच अण्णांना पाठवला. उत्तर आलं, "छान. मूळ कागद जपून ठेव."

१ ऑक्टोबरला कंपनीने मला कामावर घेतलं नाही. त्यांची चूक नव्हती. परदेशी माणसाला कामावर घेताना त्याला काम करायची परवानगी आहे का हे तपासून कागदाची प्रत ठेवणं हे तिथे मालकावर कायद्याने बंधन आहे. माझं कार्ड काल संपलेलं, आणि होतं तेही शिक्षणाचं. एचआरच्या बाईंनी रुजू व्हायची तारीख १ नोव्हेंबर केली आणि मी विनंती केल्यावर कंपनीच्या पत्रावर लिहून दिलं की आम्हाला ही व्यक्ती तातडीने हवी आहे. ते पत्र जोडून मी पुन्हा मेल केला आणि मला १७ ऑक्टोबरची टर्मिन मिळाली. माझ्या स्वतःच्या चार मेलना उत्तर नव्हतं, कंपनीच्या एका पत्राला आलं. म्हणून सांगते, कंपनीकडून असं पत्र मागायला लाजू नका.

पैशाचं गणित ऑक्टोबरमध्ये अंगावर आलं. सेमिस्टर ३० सप्टेंबरला संपलं, त्याबरोबर विद्यार्थ्याचा आरोग्य विमाही संपला. स्वेच्छेने घ्यायचा विमा महिन्याला जवळजवळ दुप्पट पडला. विद्यार्थ्याचा प्रवास पास गेला, ४९ युरोचं डॉइचलांड तिकीट घेतलं. साठवलेले चौतीसशे युरो होते. आई रोज विचारायची, पैसे पाठवू का. मी नको म्हणायचे आणि फोन ठेवल्यावर वहीत बेरीज मांडत बसायचे. शिक्षण संपायच्या सुमारास तीन महिन्यांचा खर्च बाजूला असेल असं बघाच, त्याला हात लावू नका.

१७ ऑक्टोबरची टर्मिन मी कधी विसरणार नाही. समोर बसलेल्या अधिकारी बाईंनी पासपोर्ट घेतला, संगणकात पाहिलं आणि म्हणाल्या, जुन्या शहराची फाइल अजून आलेली नाही. मग विचारलं, अर्ज कधी दिलात?

"२७ सप्टेंबरला."

त्यांनी पुन्हा स्क्रीनकडे पाहिलं. "आमच्याकडे नोंद ७ ऑक्टोबरची आहे."

म्हणजे माझं पाकीट नगरपालिकेच्या खिडकीवरून एबीएचच्या टेबलावर येऊन नोंद व्हायला दहा दिवस लागले होते, आणि त्या नोंदीनुसार मी मुदत संपल्यावर आठवड्याने अर्ज केला होता. कार्ड संपायच्या आत अर्ज केला तर निर्णय होईपर्यंत जुनं कार्ड आपोआप चालू धरलं जातं. उशीर झाला तर तसं होत नाही. थोडाच उशीर असेल आणि माणसावर अन्याय होणार असेल तर अधिकारी सवलत देऊ शकतात, पण ते मागावं लागतं आणि मिळेलच असं नाही. माझे हात गार पडले. प्लॅस्टिकच्या फोल्डरमधून ती शिक्क्याची प्रत काढून मी त्यांच्यासमोर ठेवली.

त्यांनी शिक्का नीट पाहिला, सही पाहिली, कागद घेऊन शेजारच्या खोलीत गेल्या. पाच-सात मिनिटं झाली असतील. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात त्या प्रतीची झेरॉक्स होती. ती त्यांनी माझ्या कागदांना लावली, मूळ प्रत मला परत दिली आणि म्हणाल्या, "हे तुम्ही चांगलं केलंत."

मग त्यांनी मला तो घडीचा कागद दिला ज्याला आम्ही सगळे नुसतं "फिक्शन" म्हणतो. अर्ज विचाराधीन असताना तुमचा मुक्काम कायदेशीर मानला जातो, याचा दाखला. फी १३ युरो. त्या कागदाच्या आत तीन चौकटी असतात आणि सगळा जीव कुठल्या चौकटीवर फुली आहे यात असतो. पहिल्या दोन कलम ८१च्या तिसऱ्या पोटकलमाच्या, तिसरी चौथ्या पोटकलमाची. तिसरीवर फुली म्हणजे तुमचं आधीचं कार्ड अजून जिवंत आहे. ते जुनं कार्ड आणि हा कागद सोबत असेल तर देशाबाहेर जाऊन परतही येता येतं. पहिल्या दोनांवर तसं येता येत नाही. मी टेबलावरच घडी उलगडून पाहिली. फुली तिसऱ्या चौकटीवर होती.

तरी काम करता येत नव्हतं, कारण जिवंत होतं ते शिक्षणाचंच कार्ड. पुढचा टप्पा रोजगार खात्याच्या संमतीचा. या खात्याला दोन आठवड्यांची मुदत असते. त्यात त्यांनी काही हरकत घेतली नाही किंवा माहिती अपुरी आहे असं कळवलं नाही तर संमती मिळाली असं धरलं जातं. मी दिवस मोजायला लागले. नवव्या दिवशी विचारणा आली: करारात आठवड्याला साडेसदतीस तास आहेत आणि कंपनीने भरलेल्या निवेदनात चाळीस, यातलं खरं कोणतं? संमती देताना खातं हेच बघतं, की तेवढ्या तासांच्या कामाला त्या भागात इतरांना मिळतो त्यापेक्षा कमी पगार या माणसाला दिला जात नाही ना. तास बदलले की ताशी पगार बदलतो. ते निवेदन मी स्वतःच्या हातांनी अर्जाला लावलं होतं. त्यातली एक ओळ करारासमोर धरून वाचली असती तर मला तेव्हाच दिसलं असतं. कंपनीने चार दिवसांत दुरुस्त करून पाठवलं आणि मुदत पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू झाली. रुजू व्हायची तारीख १ नोव्हेंबरवरून डिसेंबरवर गेली. कंपनीचं आणि माझं, दोघांचंही यात नुकसान झालं.

१ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन होतं. तिसऱ्या चौकटीच्या जोरावर घरी जाता आलं असतं, आई तसं म्हणतही होती. पण कुठल्याही दिवशी बोलावणं येईल म्हणून मी थांबले. काकूंकडे चकल्या करायला बसलो होतो तेव्हा त्या म्हणाल्या की १९९८ साली त्यांचे यजमान इथे आले तेव्हा ते सकाळी सहाला एबीएचच्या रांगेत उभे राहायचे, हातात थर्मास घेऊन. ती रांग आता दिसत नाही. प्रत्येक जण आपापल्या खोलीत लॅपटॉपसमोर टर्मिनचं पान उघडून बसलेला असतो. रांगेत निदान पुढच्या माणसाला विचारता यायचं, असं काकू म्हणाल्या, आणि मला ते पटलं. मंडळाच्या ग्रुपवर मी त्याच रात्री माझा अनुभव लिहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा जणांचे निरोप आले होते, त्यातल्या चौघांची कार्डं डिसेंबरात संपत होती आणि कुणीच कागदी अर्ज दिलेला नव्हता.

२० नोव्हेंबरला संमती आली. २६ला बोटांचे ठसे घेतले आणि कार्ड छापायला बर्लिनच्या सरकारी छापखान्याकडे आदेश गेला. कार्ड यायला आणखी काही आठवडे लागणार होते. मी विचारलं, तोपर्यंत काम? अधिकारी बाई म्हणाल्या, आता करता येईल. कार्ड छापण्याचा आदेश गेला की ते हातात पडेपर्यंत नव्या परवान्याचं काम करायला कलम ८१च्याच पोटकलम ५अ खाली मुभा आहे, फक्त ती फिक्शनच्या कागदावर लिहून घ्यावी लागते. त्यांनी ती ओळ लिहिली. ही तरतूद २०२१ सालापासून आहे. कंपन्यांना आणि बऱ्याच मुलांना ती ठाऊकच नसते आणि ते कार्ड येईपर्यंत घरी बसतात. टर्मिन संपायच्या आत ती ओळ मागून घ्या.

२ डिसेंबरला, सोमवारी, मी कामावर हजर झाले.

जानेवारी २०२५च्या चौथ्या आठवड्यात कार्ड घ्यायला गेले. शंभर युरो फी आधीच भरली होती. सोबतच्या घडीच्या कागदावर माझं पद आणि कंपनीचं नाव छापलेलं होतं. ब्लू कार्डाच्या पहिल्या बारा महिन्यांत नोकरी बदलली तर कार्यालयाला कळवावं लागतं, ते महिनाभर ती थांबवून तपासू शकतात. त्यानंतर मोकळीक असते. कार्ड देण्याआधी बाईंनी माझ्यापुढे एक फॉर्म ठेवला: कार्ड मिळाले, तारीख, सही.

बाहेर पायऱ्यांवर उभी राहून अण्णांना व्हिडिओ कॉल केला आणि कार्ड कॅमेऱ्यासमोर धरलं. म्हटलं, "अण्णा, आज पोच त्यांनी माझ्याकडनं घेतली." ते हसले. मग चष्मा वर करून स्क्रीनच्या जवळ आले.

"संपायची तारीख कुठली?"

"मार्च २०२७. चार वर्षांचं मिळालं असतं, पण पासपोर्ट तेव्हा संपतोय, त्याच्या पुढं देत नाहीत."

"म्हणजे पासपोर्ट आधी करून घ्यायला पाहिजे होता."

"हो."

"मग आता त्याचा अर्ज कधी टाकणार?"

येत्या ऑगस्टअखेर माझे पेन्शन विम्याचे २१ महिने पूर्ण होतात. जर्मनची बी-१ परीक्षा दिलेल्या ब्लू कार्डधारकाला तेवढ्यावर कायम निवासाचा अर्ज करता येतो. ए-१ ही सुरुवातीचीच पातळी असेल तर २७ महिने थांबावं लागतं. त्याआधी नवा पासपोर्ट हातात हवा, म्हणून त्याचा अर्ज गेल्या आठवड्यात वकिलातीत दिला. पावतीचा फोटो अण्णांना पाठवला आहे. कायम निवासाच्या अर्जाचे कागद लावायला घेतले आहेत, दोन प्रतींत.